डनलेव्हीच्या नावापाशी

आमच्या राज्याच्या विधानसभेच्या दारात मी एकतीस वर्षं उभा होतो. दारं दोन होती. बाहेरचं ओकचं, जड, आणि आतलं हिरव्या बनातीनं मढवलेलं, म्हणजे बाहेरचा आवाज आत जाऊ नये. दोन्ही दारांच्या मध्ये सहा पावलांची जागा. तिथं एक बाक, छत्र्या ठेवायचं पिंप आणि मी. माझ्या हातात अक्रोडाच्या लाकडाची काठी असे, टोकाला लोखंड ठोकलेली.

आतल्या दाराच्या उंबऱ्यावर पितळेची पट्टी होती. ती गव्हर्नरलाही बोलावल्याशिवाय ओलांडता येत नसे. त्यांचा निरोप घेऊन कुणी आलं की ते बाहेरचं दार तीनदा ठोठावायचं, मी त्याला मधल्या जागेत घ्यायचो, आणलेला लखोटा हातात घेऊन बघायचो, मग आतलं दार उघडून म्हणायचो, "अध्यक्ष महाराज, गव्हर्नरसाहेबांचा निरोप आहे." अध्यक्ष म्हणायचे, "येऊ द्या." मग लखोटा मी त्या माणसाच्या हाती परत द्यायचो आणि तो पट्टी ओलांडून आत जायचा. माझ्या आधीच्या द्वारपालानं मला हे असंच शिकवलं, त्याला त्याच्या आधीच्यानं.

नावं पुकारून मतदान सुरू झालं की मात्र आतलं दार बंद. कुणी आत नाही, कुणी बाहेर नाही, असा सभागृहाचा छापील नियम होता. अठ्ठ्याण्णव सभासद, एबीसीच्या क्रमानं, आर्डेनपासून यंगपर्यंत. एका नावाला दहा सेकंद धरा, म्हणजे सोळा-सतरा मिनिटं. मला वाचता येत नव्हतं त्या काळात मी ही यादी कानांनी पाठ केली होती. दर दोन वर्षांनी निवडणूक व्हायची, नावं बदलायची, आणि आठवड्याभरात नवी यादी माझ्या तोंडात बसायची. दार बंद असलं तरी पुकारणाऱ्याचा आवाज खालच्या फटीतून येई. कुठलं नाव चाललंय यावरून किती वेळ गेला आणि किती उरला, हे मला कळायचं. घड्याळ मी कधी वापरलं नाही.

एक गोष्ट मात्र छापलेली नव्हती. मतदान चालू असताना गव्हर्नरचा निरोप आलाच आणि तो तातडीचा असला, तर द्वारपालानं काठी दोनदा जमिनीवर आपटायची. मग अध्यक्ष दोन नावांच्या मध्ये हात वर करून पुकारणं थांबवायचे, निरोप घ्यायचे, आणि यादी पुढे चालू. हे मी माझ्या काळात अकरा वेळा केलं होतं.

गव्हर्नरच्या कचेरीतून निरोप घेऊन येत त्या मिसेस इडा कॉर्लिस. उंच, सडपातळ, करड्या केसांच्या. बुटांचा आवाज असा की जिन्याच्या खालच्या पायरीपासून ओळखू यावा. इमारत एकच होती. गव्हर्नर खालच्या मजल्यावर, आम्ही मधल्या, आणि राज्याचं सर्वोच्च न्यायालय वरच्या मजल्यावर, उत्तरेच्या बाजूला. खानावळ तळघरात, तीही एकच, पण टेबलं तीन. आमची माणसं खिडकीजवळ, गव्हर्नरची माणसं कॉफीच्या भांड्याजवळ, कोर्टाची भिंतीला. दुसऱ्याच्या टेबलावर जाऊन कुणी बसत नसे. म्हणून मिसेस कॉर्लिस आणि मी बॉयलरच्या खोलीबाहेरच्या बाकावर जेवायचो. त्यांची उकडलेली अंडी आणि बिटाचं लोणचं, माझा राय धान्याचा पाव आणि चीज.

त्यांनीच मला वाचायला शिकवलं. लखोट्यावर काय लिहिलंय असं कुणी विचारलं की मी चष्मा विसरलो म्हणायचो. एक दिवस त्या म्हणाल्या, "पिकेट, दोन वर्षं झाली, तुमचा चष्मा रोज घरी राहतो. मुळात तो आहे तरी का?"

"नाही," मी म्हणालो.

"तरी वाटलंच मला. उद्यापासून जेवण दहा मिनिटांत संपवायचं."

मी तेव्हा बावन्न वर्षांचा होतो. टाकून दिलेल्या विधेयकांच्या छापील प्रतींवर त्यांनी मला अक्षरं शिकवली, कारण त्या इमारतीत दुसरा कागद फुकट मिळत नसे. मुलं मांजर, उंदीर वाचायला शिकतात. मी पहिल्यांदा वाचलं ते 'गुरांच्या वाहतुकीचे नियमन'.

आता फेरीबोटीबद्दल सांगतो. सॉरेल नदीवर केड्स लँडिंग म्हणून उतार आहे. माझा बाप तिथला बोटवाला. दोन काठांना लोखंडी दोर बांधलेला, त्या दोरावरून सपाट बोट चाकानं ओढत न्यायची. मी सहाव्या वर्षी चाकाला हात लावला. शाळा अलीकडच्या काठाला होती, आमचं घर पलीकडे. माझी थोरली बहीण डेल्फा हिला मी रोज अलीकडे आणून सोडायचो, पण तोवर दुसरी गाडी चढायला उभी असे, म्हणून मी परत फिरायचो. असं करता करता ती शाळा शिकली आणि मी राहिलो.

पुढे मी शहरात आलो. डेल्फा तिथंच राहिली, त्याच घरात. नवरा वारला, मुलं दूर गेली. तिच्याकडे नऊ कोंबड्या होत्या आणि नवव्या कोंबडीपर्यंत सगळ्यांना तिनं नावं दिली होती. डॉक्टर अलीकडे, दुकान अलीकडे, चर्च अलीकडे. तिचा कमरेचा सांधा गेलेला. पण फेरीबोट होती, त्यामुळे तिचं चालत होतं.

त्या वर्षी रस्ते खात्यानं ठरवलं की केड्स लँडिंगची बोट ऑक्टोबरअखेर बंद करायची. खाली चाळीस मैलांवर पूल आहे, लोकांनी तो वापरावा. रस्ते खातं गव्हर्नरच्या हाताखालचं. पलीकडच्या काठाला बासष्ट घरं होती. त्यांनी आमच्या सभागृहाकडे धाव घेतली, आणि सभागृहानं विधेयक मांडलं की बोट चालूच ठेवावी. क्रमांक दोनशे बारा. ते आमच्याकडून निघालं, मग दुसऱ्या सभागृहानं, सेनेटनंही संमत केलं आणि गव्हर्नरकडे सहीला गेलं.

त्या रविवारी मी डेल्फाकडे गेलो. ती अंगणात खुर्चीवर बसून मका टाकत होती.

"आलास," ती म्हणाली. "माझी बोट काय म्हणते?"

"गव्हर्नरकडे आहे. पाच दिवस त्यांच्याकडे राहू शकते. सही केली तर कायदा झाला. नाही केली आणि पाच दिवसांत परतही पाठवली नाही, तरी कायदा झाला."

"आणि परत पाठवली तर?"

"नामंजूर. मग आमच्या सभागृहानं दोन तृतीयांश मतांनी पुन्हा संमत केली तरच."

"आहेत तेवढी मतं?"

"नाहीत."

तिनं उरलेला मका झटकला. "म्हणजे एका माणसाला नको असलं की झालं."

"आणि रस्ते खात्याला हवं असलं तरी आम्ही नाही म्हणू शकतो, तेही बघ की. तसंच आहे ते."

"तू कुणाच्या बाजूनं बोलतोस रे?"

"मी दार उघडतो, डेल्फा."

"मग बघ, कुणासाठी उघडतोस ते," ती म्हणाली. "हे घर सोडून मी तुझ्या त्या दोन खोल्यांत येऊन मरणार नाही. आत्ताच सांगून ठेवते."

पाचवा दिवस मंगळवार होता. मुदत दुपारी बारापर्यंत. राज्यघटनेत लिहिलंय की विधेयक ज्या सभागृहातून निघालं, त्याच सभागृहात ते बारापर्यंत परत पोचलं पाहिजे. बरोबर बाराला नदीकाठच्या कागदाच्या गिरणीचा भोंगा व्हायचा. तो आख्ख्या शहराला ऐकू जाई, आमच्या सभागृहातही.

अकरा पन्नासला कुठल्याशा गोठे-तपासणीच्या विधेयकावर नावं पुकारायला सुरुवात झाली. मी आतलं दार लावलं आणि त्याला पाठ टेकून उभा राहिलो. आर्डेन, बॅस्कम, बीब. मनातल्या मनात मीही म्हणत होतो, सवयीनं. डनलेव्हीचं नाव चालू असताना बाहेरच्या दारावर तीन थापा पडल्या.

मिसेस कॉर्लिस होत्या. धाप लागली होती. त्यांनी मला लखोटा दिला, नेहमीसारखा. मी घेतला, नेहमीसारखा, आणि बघितला. वर त्यांच्याच सुबक अक्षरात लिहिलं होतं: क्रमांक २१२, केड्स लँडिंग फेरीबोट, हरकतींसह परत.

दोन वर्षांआधी मला ते वाचता आलं नसतं.

"काठी वाजवा," त्या म्हणाल्या.

"नावं पुकारतायत."

"ऐकू येतंय मला. सहीच पावणेबाराला झाली, मी काय करू? वाजवा लवकर."

मी लखोट्यावरची ओळ पुन्हा वाचली.

"पिकेट, याआधी वाजवली आहेत तुम्ही. माझ्यासमोर वाजवली आहेत."

"आज नाही वाजवत," मी म्हणालो.

त्यांनी माझ्याकडे बघितलं, मग लखोट्याकडे. बहिणीचं मी त्यांना कित्येकदा सांगितलं होतं. कोंबड्यांची नावं त्यांना पाठ होती. त्यांनी पुन्हा वाजवा म्हटलं नाही. बाकावर बसल्या आणि पिशवी मांडीवर घेतली. आम्ही दोघं तिथं होतो आणि फटीतून नावं येत होती. गॅरोवे, हॅस्किन, कीलर, लाउडन. लखोटा माझ्या हातात होता. ओल्मस्टेडचं नाव घेतलं आणि भोंगा झाला. ओल्मस्टेड भोंगा संपेपर्यंत थांबला, मग म्हणाला, "होय."

यंगचं नाव झाल्यावर मी दार उघडून म्हणालो, "अध्यक्ष महाराज, गव्हर्नरसाहेबांचा निरोप आहे." लखोटा मिसेस कॉर्लिसना परत दिला. त्या पट्टी ओलांडून आत गेल्या. सभागृहाच्या नोंदवहीत वेळ लिहिली गेली: बारा वाजून आठ मिनिटं.

अध्यक्ष थॅक्स्टर लगेच उठले आणि म्हणाले, मुदत संपली, विधेयक कायदा झालेलं आहे. सभागृहात बाकं बडवली गेली. मी पाठ दाराला लावून उभा होतो, आणि खोटं कशाला सांगू, मला बरं वाटलं.

गव्हर्नरची माणसं न्यायालयात गेली. लखोटा बाराच्या आत पोचला होता, असं त्यांचं म्हणणं. पुरावा म्हणजे मिसेस कॉर्लिसचं एका पानाचं निवेदन. त्यात एवढंच होतं की भोंग्याच्या आधी त्यांनी तो द्वारपालाच्या हातात दिला. काठीबद्दल एक अक्षर नव्हतं. सभागृहाचं म्हणणं, नोंदवहीत जे आहे तेच खरं, बाई उशिरा पोचल्या आणि आता सारवासारव करतायत. आणि त्यांच्या कचेरीतच त्यांच्याबद्दल बोलायला लागले होते की ऐन वेळी खानावळीत रेंगाळल्या असतील. पंचवीस वर्षांची नोकरी. गव्हर्नरचे मुख्य सचिव त्यांच्या जागी दुसरी बाई बघताहेत असं कोर्टाच्या टेबलावर कुणीतरी म्हणालं, म्हणजे ते खरंच असणार, कारण त्या टेबलावर सहसा कुणी काही म्हणत नसे.

बाकावर त्या जेवायला येत राहिल्या. एकदा मी म्हणालो, "तुम्ही ते काठीचं का नाही लिहिलंत?"

"मला विचारलं तेवढं मी लिहिलं."

"त्यानं तुमचं नुकसान होतंय."

"तुम्हाला वाचायला मी शिकवलं," त्या म्हणाल्या. "काय वाचावं ते नाही शिकवलं. तो माझा विषय नाही. अंडं घ्या."

न्यायालयानं मला साक्षीला बोलावलं. आदल्या दिवशी अध्यक्ष थॅक्स्टरनी मला त्यांच्या खोलीत घेतलं. सभागृहाचे वकीलही होते, तरुण, चकचकीत भांग पाडलेले.

"आन्सेल," अध्यक्ष मला नावानं हाक मारून म्हणाले, "खरं तर मी तुला पाठवायलाच नको. आमच्या दाराच्या आत काय होतं ते विचारायचा अधिकार कोर्टाला नाही. पण ती मधली जागा आहे ना, दोन दारांमधली, तिथं भानगड आहे. ती आमची की नाही, यावरच आमच्या वकिलांत भांडणं आहेत."

"झाडू मी मारतो तिथं," मी म्हणालो.

"मग तुझीच म्हण," अध्यक्ष हसले.

वकील हसले नाहीत. "हे बघा काका, अगदी सोपं आहे. निरोप पुकारला कधी? बारा-आठला. मतदान चालू असताना पुकारता येतो का? नियमात नाही. बाई आल्या तेव्हा किती वाजले होते? तुमच्याकडे घड्याळ होतं?"

"नाही."

"सभागृहातलं घड्याळ तिथून दिसतं?"

"नाही."

"मग झालं तर. घड्याळ नव्हतं, सांगता येत नाही. यात एक शब्द खोटा नाही. एवढं बोला आणि खाली या."

आणि खरंच, त्यात एक शब्दही खोटा नव्हता. त्या रात्री मी नीट झोपलो.

न्यायालयात पाच न्यायमूर्ती असत. सरन्यायाधीश हॅलक मध्ये, म्हातारे, डाव्या कानात यंत्र घातलेलं. मी त्यांना एकतीस वर्षांत फक्त जिन्यावर बघितलं होतं. मिसेस कॉर्लिस मागच्या बाकावर बसल्या होत्या, हातमोजे घालून. त्यांच्या दोन बाकं पुढे त्यांचे मुख्य सचिव.

मी शपथ घेतली. आमच्या वकिलांनी ठरल्याप्रमाणे विचारलं, मी ठरल्याप्रमाणे सांगितलं. गव्हर्नरचे वकील उठले. "मिसेस कॉर्लिसनी लखोटा तुमच्या हातात दिला का?"

"दिला."

"बाराच्या आधी की नंतर?"

"घड्याळ नव्हतं माझ्याकडे."

ते खाली बसले. त्यांच्याकडे विचारण्यासारखं दुसरं काही नव्हतं. आमच्या वकिलांनी कागद गोळा करायला घेतले. मुख्य सचिवांनी मान मागे वळवून मिसेस कॉर्लिसकडे बघितलं, फार वेळ नाही.

मी उठायच्या आत सरन्यायाधीश म्हणाले, "थांबा जरा. मिस्टर पिकेट, तुम्ही त्या दारात किती वर्षं आहात?"

"एकतीस, महाराज."

"आणि एकतीस वर्षं घड्याळाशिवाय?"

"हो."

"मग मतदान संपायला किती वेळ आहे, हे बाहेरच्यांना कसं सांगता? मी स्वतः एकदा विचारलंय तुम्हाला. माझी छत्री तुमच्या पिंपात होती. तुम्ही म्हणालात, चार मिनिटं. आणि चारच मिनिटं लागली."

मला ते आठवत नव्हतं. त्यांना आठवत होतं.

इथं मला सांगता आलं असतं की अंदाजानं सांगतो. डेल्फा मका टाकताना दिसत होती मला. मिसेस कॉर्लिस माझ्याकडे बघत नव्हत्या, त्या हातमोज्याचं बटण लावत होत्या, ते आधीच लागलेलं होतं.

"नावांवरून सांगतो, महाराज," मी म्हणालो. "यादी मला पाठ आहे."

"मग त्या दिवशी त्या आल्या तेव्हा कुठलं नाव चाललं होतं?"

"डनलेव्ही."

"आणि भोंगा?"

"ओल्मस्टेडला झाला. सगळ्या सभागृहानं ऐकला तो."

"डनलेव्हीपासून ओल्मस्टेडपर्यंत किती नावं?"

"मधली पस्तीस."

"म्हणून दाखवाल?"

मी म्हणून दाखवली. कुठं थांबायचं ते मला ठाऊक होतं, कारण पुकारणारा प्रत्येक नावानंतर उत्तरासाठी थांबतो, आणि मीही तसाच थांबत होतो. न्यायालयाच्या भिंतीवर घड्याळ होतं. एका न्यायमूर्तींनी ते बघून लिहून घेतलं. सहा मिनिटं झाली. आमच्या वकिलांनी भांगावरून हात फिरवला.

"म्हणजे भोंग्याच्या आधी सहा मिनिटं लखोटा तुमच्या हातात होता," सरन्यायाधीश म्हणाले.

"होता."

"आणि तो आत पोचवायचा काही उपाय तुमच्याकडे नव्हता."

त्यांनी ते विचारलंही नव्हतं, नुसतं म्हणाले होते. मी गप्प राहिलो असतो तरी चाललं असतं.

"होता, महाराज. काठी दोनदा वाजवायची. मग अध्यक्ष मतदान थांबवतात. नियमात नाही ते, पण रीत आहे. मी अकरा वेळा वाजवली आहे. त्या दिवशी बाईंनी सांगूनही वाजवली नाही."

"का?"

"माझी बहीण केड्स लँडिंगच्या पलीकडे राहते."

आमचे वकील अर्धवट उठले आणि पुन्हा बसले. सरन्यायाधीशांनी कानातलं यंत्र काढलं, पुसलं, परत घातलं. "हे मी विचारायला नको होतं," ते म्हणाले, "पण आता नोंदीत आलंय. उतरा खाली."

निकाल दहा दिवसांनी लागला. छापील दीड पान. मी तो बॉयलरच्या बाकावर बसून स्वतः वाचला, दोनदा. त्यात म्हटलं होतं की सभागृहानं आपलं दार कसं आणि केव्हा उघडावं, हे न्यायालय त्याला सांगणार नाही. पण दार बंद ठेवून सभागृह गव्हर्नरची मुदत खाऊ शकत नाही. द्वारपाल हा सभागृहाचा माणूस, त्यानं हातात घेतलं म्हणजे सभागृहानं घेतलं. विधेयक वेळेत परत आलं होतं. ते कायदा झालेलं नाही. ते सभागृहापुढे आहे, आणि पुढं काय करायचं ते सभागृहानं बघावं.

सभागृहानं मतदान घेतलं. सहासष्ट मतं हवी होती. त्या दिवशी मी दारात होतो, शेवटचा दिवस माझा तिथं, पाठ दाराला लावून. होय, होय, नाही, होय. डनलेव्ही होय म्हणाला. ओल्मस्टेडही. टिल्सन नाही म्हणाला तेव्हा मला कळलं की आता उरलेले सगळे होय म्हणाले तरी जमत नाही. त्रेसष्ट पडली.

अध्यक्ष थॅक्स्टर मला रागावले नाहीत. "तुला काढत नाही," ते म्हणाले. "पण तू दारात नको. तुझी काठी कुणासाठी वाजेल, असं लोक आता विचारतील. गॅलरीच्या जिन्यावर बस." बरोबर होतं त्यांचं. काठी नव्या माणसाकडे गेली, आणि पुढच्या अधिवेशनात त्यांनी ती रीत नियमात घातली: गव्हर्नरचा निरोप आल्यास मतदान चालू असले तरी द्वारपालाने काठी दोनदा वाजवावी. कलम एकतीस. मिसेस कॉर्लिसनी मला त्याची प्रत आणून दिली. त्यांची नोकरी राहिली होती. निकालानंतर दोन आठवडे त्या बाकावर आल्या नव्हत्या. मग एक दिवस आल्या, बसल्या, आणि म्हणाल्या, "सरका. बिटाचं लोणचं आणलंय."

ऑक्टोबरच्या शेवटच्या शनिवारी मी डेल्फाला आणायला गेलो. बोटवाल्यानं मला चाक दिलं, मागितल्याशिवाय. डेल्फा मध्यभागी खुर्ची टाकून बसली होती, पायाशी तीन खोके, त्यांत कोंबड्या. सहा महिने ती माझ्याशी फोनवर फक्त हवामान बोलत होती. नदीच्या मध्यावर आल्यावर म्हणाली,

"तो डनलेव्ही कोणत्या बाजूचा होता?"

"आपल्या."

"बिचारा. त्याच्या नावावर बुडवलंस."

मी चाक फिरवत राहिलो.

"आणि ती बाई? राहिली का नोकरीत?"

"राहिली."

"हं," ती म्हणाली. कोंबड्यांचा एक खोका जवळ ओढला. "चाक अजून बरं फिरवतोस. तेवढंच काय ते शिकलास."

आता ती माझ्या दोन खोल्यांत असते. मागच्या अंगणात खुराडं केलंय. संध्याकाळी मी जिन्यावरची नोकरी करून घरी येतो आणि दार ठोठावतो, कारण ती आतून कडी लावते. एका थापेला ती कधी उघडत नाही.

"कोण आहे?" ती विचारते.

"मी. उघड."

"थांब तिथंच," ती मागच्या अंगणातून ओरडते. "नावं पुकारतेय."

आणि मी पायरीवर उभा राहून नऊ कोंबड्यांची नावं ऐकतो. सहाव्या नावाला पाय मोकळे करतो, आठव्याला टोपी काढतो. नवव्याला कडी निघते.